न्हाणीतला कप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. बहिणीला सांगायचं म्हणून एकदा बसले होते, पण ऐनवेळी विषय लोणच्यावर नेला. तुम्ही मला ओळखत नाही, आणि तुमच्यासमोर उद्या परत उभं राहायचं नाही — म्हणून आज जमलं तर जमेल.

सुरुवात कुठून करू? बाजारातून करते. तिथे मी निदान चिडलेली तरी होते, आणि चिडून बोलणं मला सोपं जातं.

एप्रिलचं ऊन, तेही धुळ्याचं. बालवाडीचं वर्ष संपत आलेलं. मुलं जूनमध्ये पहिलीत जाणार, म्हणून आम्ही आयांनी ठरवलं होतं की दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं ताईंना आपापली एक छोटीशी भेट द्यायची. मी आग्रा रोडवरची सगळी दुकानं पालथी घातली. स्टीलचा डबा दुसरीच कुणी देणार होती, आणि त्यावर नाव घालून घ्यायलाही वेळ नव्हता. ब्लाउजपीस, साबणांची पेटी, कंगव्यांचा सेट, प्लास्टिकची फुलं — एकही वस्तू मनाला येईना. स्वस्तातलं घ्यावं तर आपण हलके दिसणार. भारी घ्यावं तर बाकीच्या म्हणणार, हिला मिरवायची हौस. बघा ना, भेट ताईंना द्यायची आणि डोक्यात सगळा वेळ इतर आया! चपलेचा अंगठा तुटला, डोकं तापलं, आणि मी रिकाम्या हातानं घरी आले.

पण ताई कोण, ते आधी सांगायला हवं.

माझी मुलगी रंजू चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. दोन-चार शब्द, बस. डॉक्टर म्हणाले कान चांगले आहेत. नातेवाईक तोंडावर काही म्हणत नसत, पण माघारी तिला मुकी म्हणत, हे मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत बालवाडी भरायची, सुमनताई ती चालवायच्या. मी रंजूला तिथे घातली ती खरं म्हणजे सकाळचे दोन-तीन तास मोकळे मिळावेत म्हणून.

ताईंची एक रीत होती. मुलं गोल करून बसली की प्रत्येकानं येताना वाटेत पाहिलेली एक गोष्ट सांगायची. पाहिलेलीच सांगायची. कुणी वाघ दिसला म्हणालं की ताई हसून विचारायच्या, खरंच पाहिलास? रंजूची पाळी आली की ती गप्प. ताई थांबायच्या. रागवायच्या नाहीत, तिच्या वतीनं बोलायच्या नाहीत, घाईनं पुढच्या मुलाकडे वळायच्याही नाहीत. दिवाळी येऊन गेली तरी हे असंच चाललं. मग एक दिवस रंजू म्हणाली — बकरी. हे सांगायला ताई त्या संध्याकाळी स्वतः आमच्या दारापर्यंत आल्या. मी रडले, त्याही रडल्या. मी त्यांना आत या म्हटलं नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर पोरगी थांबलीच नाही. माझ्या सासूबाई सोनगीरकडच्या, त्यांच्या तोंडची सगळी अहिराणी हिच्या जिभेवर आली. दिवसभर घरात तिची टकळी चालू.

ताई बौद्ध होत्या. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी तेव्हा चारचौघांत म्हणत असे. वाटत नाही हे मुद्दाम सांगावं का लागत होतं मला? असो. संक्रांतीला रंजू ताईंचा हात धरून त्यांना थेट आमच्या माजघरात घेऊन आली. मी तिळगूळ दिला, चहा दिला. माझ्या भावानं दिलेल्या चांगल्या कपबशा होत्या, सहा, सोनेरी कडेच्या. त्यांतल्याच एकीत दिला. ताई गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “त्या कपमा तिले चहा दिधा ना? मंग तो बठ्ठास्मा नको ठेवू.”

एवढंच म्हणाल्या. सगळ्यांत ठेवू नको. मी का नाही म्हणाले, ठेवणार म्हणून? घरात मी काही गरीब गाय नव्हते. भाजीत मीठ किती इथपासून सासूबाईंशी माझे वाद चालायचे. पण यावर नाही बोलले. तो कप बशीसकट राखेनं खसाखसा घासला आणि न्हाणीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवला. न्हाणी सासूबाईंनी सांगितली नव्हती. ती मी निवडली. पुढे ताई आणखी काही वेळा आल्या, आणि त्यांना चहा त्याच कपात गेला. दर वेळी आधी विसळायचा, नंतर राखेनं घासायचा. कुणी बघत नाही असं मला वाटत होतं.

आता परत बाजारातून आलेल्या त्या संध्याकाळकडे येते. पाय धुवायला न्हाणीत गेले तर कोनाड्यात तो कप. आणि मला सुचलं! कपाटातले पाच, हा सहावा. सगळा संचच ताईंना देऊन टाकला तर? भेट अशी भारी होईल की बाकीच्या बघतच राहतील, आणि हा एक कप सांभाळायची कटकटही जाईल. मला काय वाटलं सांगू? मला स्वतःचं कौतुक वाटलं. जुना खोका शोधला, वर नवा रंगीत कागद लावला. खोका बांधत असताना रंजू शेजारीच बसली होती. रिबनीचं टोक तिनंच धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत आया, मुलं, सगळी दाटीवाटीनं बसलेली. ताईंनी प्रत्येकीची भेट उघडून पाहिली, प्रत्येकीला काहीतरी चांगलं म्हणाल्या. माझा खोका उघडल्यावर सगळ्याजणी पुढे वाकल्या. एक जण म्हणाली, “अहो, केवढं हे!” मी मान खाली घालून हसले. ताईंनी रंजूला जवळ ओढलं आणि रोजच्यासारखं विचारलं, सांग बरं, काय काय आहे यात?

रंजूनं खोक्यात बघितलं. पाच कपांच्या कडा चकाकत होत्या. एकाची सोनेरी रेघ घासून घासून उडाली होती — ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं बरोबर त्यावर बोट ठेवलं. आनंदानं, ओळखीचं माणूस दिसावं तसं.

“ताई, हाऊ तुमना कप शे. बठ्ठा कप कपाटमा राहतस, हाऊ न्हानीमा राहस.”

सगळ्यांना कळलं. काहींच्या घरात असाच एखादा कप असणार, त्यांना तर लगेच कळलं. ताईंनी तो कप उचलून हातात धरला होता.

आणि मी रंजूच्या थोबाडीत मारली.

“खोटारडी मेली,” मी म्हणाले. “ताई, हिचं मनावर घेऊ नका. बोलायला लागल्यापासून नुसत्या थापा मारते.”

कपाचं वाईट वाटतं, ते वाटतंच. पण ते कधीतरी, कुणाजवळ तरी बोलता आलं असतं. त्या काळी तसंच होतं, असं म्हणून लोक बोलतातही. पुढचं मात्र बोलता येत नाही.

ताई खाली बसल्या, रंजूच्या डोळ्यांच्या उंचीवर. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. हळूच म्हणाल्या, “रंजू, तू पाहिलंस तेच सांगितलंस ना, बाळा?”

त्या थांबल्या. बकरीसाठी थांबायच्या तशाच. रंजूनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गालावर माझी बोटं उठलेली. मी तेव्हा नुसती मान हलवली असती, हो म्हटलं असतं, निदान नजर खाली घातली असती, तरी पुरलं असतं. मी डोळे वटारले.

“नही,” रंजू म्हणाली. “मी खोटं बोलनू.”

ताईंनी कप परत खोक्यात ठेवला, कपबशा छान आहेत म्हणाल्या, आणि पुढच्या आईची भेट उघडली.

घरी आल्यावर सासूबाईंना कळलंच. मला वाटलं, त्या तरी माझ्या बाजूनं असतील. त्या म्हणाल्या, “पोर तं खरं बोलनी. तिले काबर मारं?” मी भांडी आपटत राहिले. त्यांच्यावर ढकलायची सोयही त्यांनी ठेवली नाही, याचाच मला राग आला होता.

त्यानंतर मी बालवाडीच्या रस्त्यानं जाणं सोडलं. ताई पुढे नरडाण्याकडे राहायला गेल्या असं कानावर आलं. पण ती गोष्ट आयांमधून नातेवाइकांत गेली, आणि गेली ती माझ्या शब्दांत. रंजू थापाडी. घरात कुणाची वस्तू हरवली की आधी तिला विचारायचं. शाळेतून येऊन पोट दुखतं म्हणाली की, खरंच की गंमत? मीही विचारायची. सगळ्यांबरोबर हसायचीसुद्धा. एका वाक्यात मिटवता आलं असतं, त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, दहा वर्षांनी. ती मोठी होत गेली आणि एखादी गोष्ट सांगताना मध्येच थांबून समोरच्याचं तोंड बघायची तिला सवय लागली. ती सवय कुठून आली ते मला माहीत आहे.

आता ती जळगावला कॉलेजात आहे. मागच्या सुट्टीत वसतिगृहातली एक मैत्रीण घरी घेऊन आली होती. मी पोळ्या लाटत होते, दोघी ओट्याजवळ बसून लहानपणीच्या गोष्टी काढत होत्या. रंजू हसत हसत तिला म्हणाली की मी लहानपणी फार थापा मारायचे, एकदा बालवाडीत सगळ्यांदेखत आईची अब्रूच घालवली होती. काय बोलले होते ते आता आठवत नाही, पण आईनं वेळीच एक ठेवून दिली म्हणून ती सवय सुटली.

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, “हो ना गं, आई?”

मी हो म्हटलं.