अंगठी कुणाची

सासऱ्यांना मी मामा म्हणते. नांदेडच्या रेल्वे कार्यालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी चित्रकलेच्या क्लासला नाव घातलं. वर्गात बाकी सगळ्या कॉलेजच्या पोरी. मामा त्यांच्यात मजेत बसायचे आणि घरी येऊन सांगायचे, "आज सावल्या शिकलो."

मी संस्कृत शिकवते. एका दुपारी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होते, तर मामा समोर येऊन बसले. "काय वाचून राहिलीस?"

मी त्या जुन्या नाटकातला प्रसंग सांगितला. राजा वनातल्या मुलीशी लग्न करतो, तिला अंगठी देतो आणि राजधानीला निघून जातो. शापामुळं तिला विसरतो. तिच्या बोटातली अंगठी पाण्यात पडते आणि पुढं एका कोळ्याला माशाच्या पोटात सापडते. शिपाई त्याला चोर म्हणून पकडतात, अंगठी राजाकडं नेतात आणि राजाला सगळं आठवतं.

मामा म्हणाले, "मासा केवढा होता?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग मी ठरवतो."

त्यांनी ठरवलेला मासा एसटीएवढा होता. चाकूरजवळच्या आमच्या शेतावर, सोयाबीनच्या वर तो तरंगत होता. त्याच्या पोटाला दार होतं, आत जिना, आणि जिन्याच्या टोकाला राजाचा दरबार. क्लासच्या सरांनी बघून "अतिवास्तववाद" म्हटलं. मामांनी तो शब्द वहीत उतरवून घेतला आणि पुन्हा ब्रश उचलला.

खवले मात्र जमेनात. मोबाइलवर मासे दाखवले तर म्हणायचे, "ह्याला ओल न्हाई." आमच्या घरात मासा कधी शिजलेला नाही. तरी एका सकाळी आम्ही दोघं ऑटोनं मच्छी बाजारात गेलो. मी नाकाला पदर लावलेला, मामांच्या हातात वही.

एका बाईनं रोहू उचलून धरला. "कापून देऊ का, काका?"

"कापू नका. नुसता बघायचाय."

ती आधी चिडली, मग वहीत डोकावली आणि हसायला लागली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मासा धरून उभी राहायची, हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायची. मामा चित्र काढत राहिले. निघताना ते म्हणाले, "चित्रात कोळ्याच्या जागी तुम्हाला घेतो."

"घ्या की! पण जरा चांगली काढा."

क्लासचं प्रदर्शन भरलं तेव्हा मामांनी स्वतः जाऊन तिला बोलावलं. ती ठेवणीतली साडी नेसून, लेकीला घेऊन आली. चित्रात ती दरबारात उभी होती आणि राजापुढं अंगठी धरून होती. जिन्याच्या खालच्या पायरीवर ती वनातली मुलगी बसलेली. बाईनं चित्र निरखून पाहिलं, मग मला म्हणाली, "ताई, गोष्ट सांगा." मी सांगितली.

"राजानं अंगठी पोरीला दिली होती ना?"

"हो."

"म्हंजी तिचीच झाली. मग मी राजाला का देऊन राहिले? ती पोरगी तिथं पायरीवर बसलीय की!"

इतकी वर्षं मी हा प्रसंग शिकवते आहे. राजाला आठवलं म्हणून दर वर्षी माझे डोळे पाणावतात. अंगठी कुणाची, हे मात्र माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी मामांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा असा खुलला होता की बस.

"लई बरोबर बोललात," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

प्रदर्शन संपल्यावर चित्र घरी आलं आणि आठ दिवस मामा त्यावर वाकलेले. लातूरहून नणंदेचा फोन यायचा. "आमच्या हॉलमध्ये ते लावायचंय, कधी पाठवता?" "थांब जरा, बाई खाली उतरून राहिली," मामा सांगायचे. नणंदेला काही कळायचं नाही.

चित्र पुरं झालं तेव्हा ते ऑटोत उभं धरून आम्ही बाजारात नेलं. आता ती बाई जिना उतरून खाली आली होती आणि वाकून मुलीच्या बोटात अंगठी घालत होती. वर राजा एकटाच उभा. आजूबाजूचे विक्रेते हात पुसत गोळा झाले. एकानं विचारलं, "हा कोण वर?"

"त्याचं काम झालं," बाई म्हणाली, आणि तिनं लेकीला हाक मारली, "इकडं ये गं, बघ, मी कुठं हाय!"