तीन माणसांचा बाक

सरांच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण मागणारा निरोप आला, तेव्हा वडिलांना जाऊन सोळा दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या अजून परत गेल्या नव्हत्या. ‘कृतज्ञतेचे दोन शब्द’ हवे होते. दोन शब्द मला लगेच सुचले, छापण्यासारखे नव्हते. म्हणून सावकाश लिहिते आहे.

अकरावीत मी वाघोलीहून दोन बस बदलून शनिवार पेठेत सरांच्या क्लासला जायची. तेव्हा गणितात इंडक्शन चाललं होतं. विधान सगळ्या संख्यांना लागू आहे असं म्हणायचं, तर आधी ते सर्वांत लहान संख्येला लागू पडतं का ते तपासा, मगच पुढची पायरी चढा, असं सर सांगत. पहिली पायरी न तपासणाऱ्याचं अख्खं उत्तर ते लाल पेनाने आडवं कापत. माझंही दोनदा कापलं होतं.

चाचणीत मांडणीचं एक गणित आलं. एका बाकावर पाच पाहुणे. त्यांतले दोन व्याही, बोलणं बंद, म्हणून शेजारी बसणार नाहीत. किती प्रकारे बसवाल? मी बहात्तर लिहिलं. सरांच्या छापील उत्तरात शहाण्णव होतं. त्या एका गणितामुळे माझी पहिली बॅच हुकली. सर स्वतः फक्त पहिल्या बॅचला शिकवत.

वडील मोजणी खात्यात होते. नकाशा कितीही चोख दिसो, बांधावरून चालून आल्याशिवाय ते सही करत नसत. त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाच चिठ्ठ्या केल्या. तीन संध्याकाळी बसून सगळ्या एकशेवीस मांडण्या वहीत उतरवल्या आणि व्याही शेजारी आलेल्या अठ्ठेचाळीसांवर काट मारली. उरल्या बहात्तर. सर कुठे चुकले तेही त्यांनी शोधलं. शेजारच्या दोघांना एक गठ्ठा धरताना, गठ्ठ्यातल्या गठ्ठ्यातही ते जागा बदलू शकतात हे सर विसरले होते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर क्लासला आले. सरांनी वहीला हात लावला नाही. एवढं लिहायला रजा काढली होतीत का, असं विचारलं. मग म्हणाले, “आपण जमिनी मोजा. इथे आम्ही सिद्ध करतो.”

वर्ग हसला. वडील हसू संपेपर्यंत थांबले.

“सर, तीन माणसांचं करून बघता का?”

एवढंच. तीन माणसं, त्यांत दोन व्याही. तिसरा मध्ये बसणार, व्याही टोकांना, प्रकार दोनच. सरांच्या रीतीने चार येतात. सरांचीच पहिली पायरी होती ती, आणि फळ्याजवळ उभं राहून अर्ध्या मिनिटात झाली असती. सरांनी खडू उचलला नाही. ते माझ्याकडे वळले.

“तू सांग. तुला काय वाटतं?”

मला बहात्तर माहीत होतं. पण मला पहिली बॅचही हवी होती.

“शहाण्णव असेल, सर.”

समजूतदार आहे मुलगी, असं सर वडिलांना म्हणाले. पुढच्या सोमवारी मी पहिल्या बॅचमध्ये बसले. वडिलांनी वही घरी नेली. मला मात्र ती पुन्हा कधी दिसली नाही. पुढच्या वर्षीच्या छापील उत्तरांत बहात्तर आलं. कुणाचं चुकलं होतं, कुणी दाखवलं होतं, एक ओळ नाही. सरांनी माझं उत्तर कापलं ते चुकून; त्या माणसाला वर्गासमोर कापलं ते जाणूनबुजून, आणि माझ्या हातून. हे मी सरांना माफ केलेलं नाही. स्वतःला तर नाहीच.

परवा कपाटात वही सापडली. मोजणीच्या जुन्या नकाशांखाली, कव्हर घातलेली. एकशेवीस मांडण्यांच्याही आधी, पहिल्याच पानावर, तीन माणसांचा बाक काढलेला आहे आणि खाली दोन ओळींत त्या दोनच मांडण्या. त्यांनी सुरुवात तिथूनच केली होती.

त्या पानाची प्रत सोबत पाठवते आहे. जागा कमी पडली तर माझा मजकूर गाळा. पान सरांच्या फोटोसमोर येऊ द्या.