बर्फाच्या कपाटातलं पाणी

नगरच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा माझ्या यजमानांनी त्यातलं बर्फाचं कपाट उचलून आष्टीला आणलं. नगर इंग्रजांचं, आष्टी निजामाची, मध्ये करोडगिरीचा नाका. तिथल्या मुन्शीला या वस्तूवर जकात कोणती लावावी ते कळेना. शेवटी त्यानं ते साधं कपाट म्हणून सोडलं. यजमान वकील होते आणि त्यांना असल्या वस्तूंची हौस होती. आष्टीत बर्फ कुठला मिळायला? मी त्यात तूरडाळ ठेवायची. उंदीर शिरत नसे, एवढा उपयोग.

मग एका उन्हाळ्यात यांना मुदतीचा ताप आला. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, डोक्यावर बर्फ ठेवा, आणि उकळलेल्या पाण्याशिवाय दुसरं पाणी पोटात जाऊ देऊ नका. आतडी नाजूक झालेली असतात. मी डाळ काढली आणि कपाट धुतलं. बर्फ नगरहून मोटारीनं यायला लागला, भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून, एक दिवसाआड. नाक्यावर मुन्शी गोणपाट सोडून बघायचा आणि लादीचा एक कोपरा कमी व्हायचा. तो उन्हानं जायचा की मुन्शीच्या सरबतात, याबद्दल माझं मत ठरलेलं होतं. उरलेला बर्फ पुढच्या मोटारीपर्यंत पुरायला हवा होता.

तो पुरेना. कपाट लाकडाचं, आतून जस्ताचा पत्रा. वरच्या खणात बर्फ ठेवायचा. वितळलेलं पाणी खणाच्या तळच्या नळीतून खाली घमेल्यात पडायचं. पहिल्याच लादीला दुसऱ्या दिवशी बघते तर घमेलं कोरडं, आणि वर खणात पाणी साचलेलं. त्या पाण्यात बसून बर्फ झपाट्यानं विरघळत होता. मोटार यायच्या आधीच तो संपला. सबंध दुपार मी यांच्या कपाळावर नुसत्या ओल्या घड्या ठेवल्या, आणि ताप चढत गेला.

बाजारात डबे-कंदील दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांना बोलावलं. त्यांनी नळीत तार घालून फिरवली. तूरडाळीचे चार फुगलेले दाणे बाहेर आले.

"वकीलसाहेबांनी पीक चांगलं घेतलंय," चाचा म्हणाले.

"पिकाचं राहू द्या. आता साचणार नाही ना?"

"न्हाई साचत. कपाट लई नामी हाय."

त्यांनी माझ्यासमोर तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. ते सरळ घमेल्यात उतरलं. दुसऱ्या दिवशी नवी लादी ठेवली, आणि दुपारी विहिरीवरून परत येते तर पुन्हा वर पाणी, खाली कोरडं. मी नळीत बोट घातलं. आत चिंधी होती, वळून घट्ट बसवलेली.

पहिला संशय चाचांवरच गेला. पुन्हा बोलावणं यावं म्हणून केलं असेल. मी दुकानात जाऊन तसं विचारलंही.

"बाई, मला पुन्यांदा यायचं असतं तर तुमचा कंदील बिघडवला असता. त्या कपाटापुढं वाकून कंबर मोडती."

त्यांच्या दुकानातल्या चिंध्या मी बघून घेतल्या. सगळ्या काळ्या, तेलकट. माझ्या हातातली पांढरी होती, धुतलेली. म्हणजे घरातलीच.

घरात आम्ही दोघं आणि भावाच्या सेवेला आलेल्या माझ्या थोरल्या विधवा नणंदबाई. सकाळी एक भांडीवाली येऊन जाई. "तीच असेल. कपाटाकडे कशी टक लावून बघते," वन्सं म्हणाल्या. मला आणखी एक गोष्ट खटकत होती. आधी सारखं पाणी पाणी करणारे हे आता पाणी मागत नव्हते. उकळलेल्या कोमट पाण्याला तर तोंडच फिरवायचे. तापातल्या माणसाला तहान लागत नाही, हे मला पटेना.

मी नळी मोकळी केली. दुसऱ्या दिवशी कपाटाच्या कडीवर आणि दाराच्या कडेला रांगोळीची बारीक भुकटी भुरभुरवली आणि धुणं घेऊन विहिरीवर गेले. परत आले तर रांगोळी नाही, बोटांचे ठसेही नाहीत. सगळं कपाट ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केलेलं. चोर एवढी मेहनत घेत नाही. पुसून घेतल्याशिवाय कशाला हात न लावणारं माणूस आमच्या घरात एकच होतं.

मी नळीतून नवी चिंधी काढून त्यांच्यापुढे ठेवली. "वन्सं, ही तुमच्या लुगड्याची."

"हो. स्वच्छ आहे."

"नळीत कशाला घातली?"

"मग काय घमेल्यातलं पाणी पाजू त्याला? जमिनीवरचं? शेजारून तुझी भांडीवाली जाते-येते. वरच्यावर घेतलेलं बरं. पळी-दोन पळ्या देते."

"आणि बर्फ कुणाकुणाच्या हातून आला, ते चाललं?"

"गोठलेल्याला कसला विटाळ?"

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरकडे तो हात पसरून मागत नव्हता. माझ्याकडे मागत होता."

"तेच पाणी कोंडून तुम्ही बर्फ संपवताय. पोटात नको ते जातंय आणि डोक्यावर ठेवायला काही उरत नाही. दोन्हीकडून त्यांनाच मारताय."

त्या हातातलं फडकं नुसतं चुरगाळत राहिल्या.

मी झाकणाचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. "पाणी तुमच्या हातानं उकळा, निववा, यात भरून खालच्या खणात ठेवा. गार होईल. तेच पाजा. नळीला हात लावलात तर उद्याच्या मोटारीनं परत पाठवीन."

"मोटार वेळेवर येते का आधी ते बघ," त्या म्हणाल्या आणि तांब्या घासायला घेऊन गेल्या.

ती लादी कशीबशी पुरली. पुढची मोटार आली तोवर घमेलं भरलेलं होतं आणि वर बर्फाचा तुकडा शिल्लक होता. रांगोळी मात्र मी रोज लावत राहिले.

ताप उताराला लागल्यावर एका संध्याकाळी यांच्या तोंडात थर्मामीटर ठेवून मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना सगळं?" त्यांनी थर्मामीटरकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटले. काढायची वेळ होऊन गेली तरी ओठ घट्टच. शेवटी मी तो ओढून काढला. पारा खाली होता, म्हणून तेवढ्यावर सोडलं.