दबक्या आवाजातला सा

आमच्या घरी देवाची घंटा वाजत नसे. पूजा करताना आई ती उचलायची, देवाला दाखवायची आणि अलगद खाली ठेवायची. देवाने कधी तक्रार केली नाही. बाबा रायपूरच्या उरला भागात लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते. त्यांची पाळी सारखी बदलायची, त्यामुळे ते घरात कुठल्याही वेळी झोपलेले असू शकत. मी लहान असताना एकदा ताट पडलं, रात्रपाळी करून आलेले बाबा दचकून उठले आणि असे ओरडले, की तेव्हापासून भनपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांनी जीभच आवरली. ते झोपले की कुकर लागत नसे, भात पातेल्यात शिजे. पुढे सवयच अशी जडली, की ते जागे असतानाही आम्ही कुजबुजतच बोलायचो. आई बांगड्या कोपरापर्यंत सारून भांडी घासायची. भाजीवाल्याशी तिची सगळी घासाघीस बोटांनी चाले, आणि तशातही ती हरत नसे.

अशा घरातल्या पोरीला गाणं शिकायचं होतं.

राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. भोपाळच्या कचेऱ्यांमधली माणसं वाटणीत रायपूरला येत होती, आणि त्यांच्यातल्या एका बाबूंची बायको शंकर नगरातल्या आपल्या घरी गाणं शिकवते, हे आईला हळदीकुंकवात कळलं. बाई मराठी आहे म्हटल्यावर आईला निम्मी चौकशी करायची गरजच उरली नाही. "पोट्टीचा गळा बरा आहे, वाया काहून घालवायचा?" असं तिने बाबांना विचारलं. बाबा "हव" म्हणाले. हव म्हणजे हो; ते बहुतेक गोष्टींना हवच म्हणत.

मी नारळ आणि गूळ घेऊन गेले. बाई तोंडात लवंग धरून बसल्या होत्या. त्यांनी गुळाचा खडा मोडून अर्धा मला दिला आणि म्हणाल्या, "गाणं मी शिकवीन. सवय मात्र तुझी तुलाच लावावी लागेल." पहिल्याच आठवड्यात एखादं भजन मिळेल, या आशेवर मी होते. बाईंनी खर्ज दिला. खर्ज म्हणजे खालचे, जाडे सूर. त्यातला एकच धरायचा आणि दम पुरेल तोवर लांबवायचा. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. त्यापेक्षा शाळेतली प्रार्थना बरी, असं मला वाटू लागलं.

रोज ठरल्या वेळी रियाजाला बस, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "आमच्या घरात वेळ ठरतच नाही." पाळीची भानगड ऐकून त्यांनी विचारलं, "मग रोज न चुकता काय होतं?" मी म्हटलं, बाबांचा डबा घरी येतो आणि तो मी घासते. "झालं तर," बाई म्हणाल्या. "डबा घासून पालथा घातला, की हात पुसायचे आणि तिथेच बसायचं. घड्याळाकडे बघूच नको." रियाजाबद्दल इतकं कामाचं मला पुढे कुणी सांगितलं नाही.

अडचण एवढीच होती, की डबा आला की बाबाही आलेले असत, आणि जेवून लगेच आडवे होत. मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून, ओढणी ओठांवर धरून सा लावायची. शेजारच्या पातेल्यालाही ऐकू जाणार नाही असा. एक दिवसही खाडा नाही आणि बाबांची झोपही शाबूत, म्हणून मी स्वतःवर फार खूश होते.

काही महिन्यांनी बाईंनी मला गाता गाता थांबवलं. माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि पुन्हा सा लावायला सांगितलं. मग हात काढून विचारलं, "घरी कोण झोपलेलं असतं गं?"

मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "हा आवाज लपून बसायला शिकलाय. आणखी वर्षभर असंच चाललं, तर मग माझ्यानेही तो बाहेर निघणार नाही. मोकळा लावता येत नसेल तर शिकवणी इथेच थांबवू. बाबांना घेऊन ये."

सायकल हाणत घरी येईपर्यंत मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की गाणं सोडायचं. भट्टीपाशी उभं राहून आलेल्या माणसाची झोप की माझा सा, यात विचारण्यासारखं काय होतं? आईने मात्र बाबांच्या कानावर घातलंच.

सुट्टीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकले. बाईंचं बोलणं मुळातच हळू. त्यांनी विचारलं, "ही मोकळ्या आवाजात गायली, तर तुमची झोप मोडेल?" बाबा म्हणाले, "हव." बाईंनी विचारलं, "मग गाणं थांबवायचं?" बाबा म्हणाले, "हव, हव." माझे डोळे भरून आले. गाणं सोडायचं हे मी आधीच ठरवलं होतं, तरी भरले.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग तितक्याच हळू म्हणाल्या, "भाऊ, चहा घ्याल की ताक?"

"हव," बाबा म्हणाले.

बाई उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि आवाज चढवून म्हणाल्या, "भाऊ, कानांनी कमी ऐकू येतं का तुम्हाला?"

बाबा खाली बघू लागले. एवढं लांब बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं होतं. "मिलमंदी तर मशीनच मशीन, मॅडम. तिथं कोणालेच आयकू येत नाही. पण घरी आलो तरी काहीच ये ना. भांडं नाही, घंटी नाही, पोट्टीचं बोलणं नाही. मले वाटलं, कान पुरेच गेले. सांगू कोणाले? कामावरून काढून टाकतील."

म्हणजे आम्ही त्यांच्यासाठी गप्प होतो, आणि आमची ती शांतता ते आपलं बहिरेपण समजत होते. मला हसावं की रडावं कळेना. बाईंनी पेटीवर सूर धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लाव. पूर्ण."

पहिल्यांदा आवाज चिरकला. भनपुरीच्या ट्रकांची सगळी धूळ घशात बसली असावी. दुसऱ्यांदा लागला. बाबांनी मान वर केली.

"येते," ते म्हणाले. "आयकू येते." आणि जरा थांबून, "अजून म्हण."

त्या संध्याकाळी आईने घंटा वाजवली आणि डाळ-भाताचा कुकर लावला. बाबांवर ती चिडलीही आणि हसलीही. "मी इतके दिवस भाजीवाल्यासमोर मुकी बनून राहिली!" डॉक्टरांनी सांगितलं, की बारीक, उंच आवाज गेले आहेत, जाडे आवाज शाबूत आहेत. मिलवाल्यांनी बाबांना काढलं नाही, गोदामाच्या कामावर घेतलं. तिथे पाळी नव्हती, पण डबा होता.

लोक मला विचारतात, रियाजाची सवय कशी लावलीत? माझ्याकडे शिस्तीचं भाषण नाही. डबा पालथा पडला की बाबा माझ्यासमोर येऊन बसत. सुरुवातीला ते आपले कान तपासायला बसत, नंतर नुसतेच बसत. मी आळस केला तर स्वतः डबा घासून मोकळे होत आणि माझ्याकडे बघत. बाईंनी माझा गळा वाचवला, आणि पाठीवर हात ठेवून एका प्रश्नात आमचं सगळं घर मोकळं केलं. त्या दोघांचे उपकार मला फेडायचे नाहीत. ते अंगावर असलेले मला आवडतात.

आता बाबा थकले आहेत. कानात मशीन आहे. माझ्या ताना त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, बंदिशीही अर्ध्यामुर्ध्याच पोचतात. मशीनमधून खर्ज पत्र्यासारखा वाजतो, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणून मी बसले की ते मशीन काढून खिडकीत ठेवतात, खुर्ची माझ्याजवळ ओढतात आणि म्हणतात, "हं. लाव."