पुढचं पान

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. राणीच्या वेषातला माझा फोटो पाहून ती पोट धरधरून हसली — आणि मी तिथेच थांबलो. आज मात्र सगळं सांगून टाकतो.

भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली भट्टी नुकतीच पेटली होती. मी ड्रॉइंग ऑफिसात कारकून. पण नागपूरहून इंग्रजीत एम.ए. झालेला, म्हणून मराठी नाट्यमंडळात भाव खाऊन होतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातलं एक शोकनाटक मी मराठीत उतरवलं आणि मंडळाने ते बसवायला घेतलं. राणीच्या कामासाठी विमल आली — आमच्याच ऑफिसातली टायपिस्ट. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे हातमजूर, घर बौद्धांचं. तिने एक प्रवेश वाचला आणि मागे बसलेलेही पुढे सरकून बसले. मी इतकं बरं लिहिलंय, हे मलाही तेव्हाच कळलं.

मग अडलं कुठे? तुम्ही ओळखलंच असेल. सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. त्या वस्तीतली पोरगी राणी झाली तर अफसरांच्या बायका पहिल्या रांगेतून उठून जातील, म्हणाले. आणि मग हळूच, "तुम्ही शिकले-सवरले आहा. एखादं सभ्य कारण काढा न जी."

मी काढलं. लगेच काढलं — लाज त्याचीच जास्त वाटते. बैठकीत उभा राहून व्याख्यान झोडलं: त्या काळी इंग्लंडात बाई रंगमंचावर येतच नसे, राणीसुद्धा पुरुषच व्हायचे, नाटकाचा अस्सल बाज राखायचा तर आपणही तसंच करावं. खरं तर तिकडे मिसरूड न फुटलेली मुलं ती कामं करायची. माझ्या मिशीचं काय, हे कोणी विचारलं नाही. राणी माझ्याच गळ्यात पडली. मी नको नको म्हटलं, पण मिशी दुसऱ्याच दिवशी उतरवली. विमलला प्रॉम्प्टिंग दिलं, कारण अख्खं नाटक तिला तोंडपाठ होतं.

तिने एवढंच विचारलं, "साहेब, तिकडल्या बायाईले येत नव्हतं, का कोणी करू देत नव्हतं?"

तशी रीत होती, असं काहीसं मी पुटपुटलो. ज्या इंग्रजी पुस्तकातून मी ते व्याख्यान उचललं होतं, ते तिने वाचायला मागितलं. नाही कसं म्हणणार? आठवड्याने परत दिलं तेव्हा मी सांगितलेल्या मजकुराच्या पुढच्याच पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्याच काळात इटलीत, स्पेनमध्ये बायका उघडपणे नाटकात काम करत होत्या, असं त्या पानावर होतं. ते पान — ते पान मी बैठकीच्या आधीच वाचलं होतं. वाचलं, आणि बैठकीत गिळून टाकलं. मला माहीत होतं.

प्रयोगात शेवटच्या अंकात मी अडकलो. विंगेकडे पाहिलं. ती गप्प राहिली असती तर? तिच्या जागी मी नक्की राहिलो असतो. तिने ओळ दिली, स्वच्छ, फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. मी ती म्हटली आणि टाळ्या पडल्या.

त्यानंतर ती मंडळात कधी आली नाही. का, ते मी विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

सांगून झालं. इतक्या वर्षांनी छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटतंय, आणि ते लपवत नाही. विमलला येत होतं. मी करू दिलं नाही.