भांड्यांवर नावं घालणारी शुभांगी

आधी एक सांगून टाकतो. शुभांगीला कुणी शोधून काढलेलं नाही. पुण्याच्या एका पेपरात तसं छापून आलं होतं, 'दुर्गम वेल्ह्यातून शोधलेली कलाकार'. शोधता काय डोंबल! नसरापूरच्या आठवडी बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर ती गेली नऊ वर्षं उघड्यावर बसते. दुकानातून ओढलेली वायर, हातात भणभणणारं मशीन, मांडीवर गिऱ्हाइकाचं ताट. गुंजवणीच्या खोऱ्यातली निम्मी लग्नाची भांडी तिच्या हाताखालून गेलीत. दिसत नव्हती ती फक्त त्यांना.

तिचे वडील साहेबराव छिन्नीनं ठोकून नावं घालायचे, ठिपक्या-ठिपक्यांची. त्यांची नजर अधू झाली तेव्हा शुभांगी बारावीत होती. ती त्यांच्या जागेवर बसली ती बसलीच. पण नुसत्या नावावर तिचा हात थांबेना. भांडं कुणाचं, ती बाई काय करते, असं विचारायची आणि नावाभोवती तेच काढायची. कोंबड्या पाळणारीच्या ताटावर कोंबडा, शिवण शिवणारीच्या डब्यावर मशीन. बायका आधी चिडायच्या.

"म्या नाव सांगितलं हुतं, कोंबडा न्हाई."

आणि पुढच्या बाजाराला तीच बाई जावेला घेऊन हजर. "हिच्याबी ताटाला कोंबडा काढ गं. माजा बघून लई जळतीया."

मी शुभांगीच्याच वस्तीतला. सातवी शिकलोय. पण भोर असो नाहीतर वेल्हे, तहसिलात माझा अर्ज आला की कारकून खुर्ची सरळ करून बसतो. आमच्या वस्तीला नळ आला तो माझ्या अर्जानं. तेव्हा पुण्याच्या एका कलासंस्थेची रेसिडेन्सी निघाली आणि मोबाईलवर जाहिरात फिरायला लागली, तशी मीच ती शुभांगीपुढे धरली. 'आजवर संधी न मिळालेल्या समाजातल्या नव्या कलाकारांसाठी.' तीन महिने शहरात राहायचं, खोली-जेवण त्यांचं, आपण आपलं काम करायचं आणि शेवटी प्रदर्शन.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. तुमच्या समाजानं भोगलेला अन्याय तुमच्या कलेत कसा येतो ते लिहा. रकाना एवढा मोठा की त्यात घर बांधावं. काम कसं करता, या प्रश्नाला तीन ओळी. अन्यायाला अख्खं पान!

शुभांगीनं त्या पानावर चार ओळी लिहिल्या. मी भांड्यांवर नावं घालते. नावाभोवती त्या बाईचं काम काढते. भांडं पालथं घातलं की ते दिसतं. मला मोठ्या भिंतीवर काढून बघायचंय.

"यात अन्याय कुठाय?" मी म्हणालो.

"दादा, मी भांड्यांवर नावं घालते. त्यात अन्याय कुठं घालू?"

"अगं, वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे. त्याशिवाय घेत नाहीत ही माणसं."

"मला नाही रडवायचं कुणाला."

ती बाजाराला गेली. फॉर्म माझ्याच मोबाईलवर होता, तिच्या ईमेलनं उघडलेला. माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ही गोष्ट आमच्या घरात मी जन्मल्यापासून ऐकलेली. खरी गोष्ट. ती मी उचलली आणि शुभांगीच्या भांड्यांना चिकटवली. 'या भांड्यांतलं पाणी गावात कुणी प्यायलं नाही. ही भांडी म्हणजे आमच्या अपमानाच्या खुणा आहेत.' असं पान भरून लिहिलं. लिहिताना हात छान चालला होता, तेही कबूल करतो. तिला सांगितलं, शुद्धलेखन तेवढं नीट केलं.

निवड झाली. वस्तीत पेढे वाटले. मी छाती काढून हिंडलो.

दुसऱ्या महिन्यात शुभांगी भांडी न्यायला आली. नवी भांडी तिला नको होती. वापरातली, नावाची, आमच्या बायकांची हवी होती. आता, वापरातलं भांडं कुणी सहजी देत नाही. मी दारोदार गेलो. "जसं नेलं तसं मागं येईल, माझा शब्द." ठकुबाईनं परात दिली, अंबूबाईनं डबा. फुलाबाई मात्र कळशी मांडीवरून खाली ठेवेना.

ती कळशी साधी नाही. फुलाबाईनं गावच्या शाळेत अठरा वर्षं खिचडी शिजवली. पहिल्या वर्षी तीन घरांनी पोरं जेवायला बसू दिली नाहीत, का ते मला लिहायला लावू नका. तिनं काम सोडलं तेव्हा त्याच घरांची नातवंडं धरून सगळ्या शाळेनं तिला स्टीलची कळशी दिली. 'फुलाबाई यांस शाळेच्या मुलांकडून.' नाव शुभांगीनंच घातलेलं.

"भिताडाला टांगणार? पालथी?" फुलाबाईनं विचारलं.

"व्हय आजी," शुभांगी म्हणाली. "तिच्या बुडावर मला तुमची पोरं काढायचीत. रांगेत बसलेली."

"मग मलाबी टांग की शेजारी," म्हातारी हसली आणि कळशी दिली.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही टेम्पो केला. सात बायका आणि मी. पांढराशुभ्र हॉल, थंडगार. आणि समोर भिंतभर आमची भांडी, बुडं आमच्याकडे करून. काय सांगू! परातीच्या बुडावर ठकुबाईची अख्खी भातलावणी. कळशीवर चाळीस बारकी पोरं, एकाच्या नाकाला शेंबूडसुद्धा. फुलाबाईनं तो शेंबूड ओळखला. "ह्यो आमचा हनुमंत!"

मग तिची नजर शेजारच्या पाटीवर गेली. ती एकेक अक्षर जोडून वाचते. "वि... टा... ळ." खाली वाचत गेली. "या भांड्यांतलं पाणी... गावात कुणी..."

पाटीवरचं बोट तिनं काढून घेतलं.

शुभांगी पाटीसमोरच उभी होती. पाटी दुपारी लागलेली, तिनं आत्ताच पाहिलेली. तिनं दिलेलं नाव होतं 'आमची भांडी'.

"हे मी नाही लिहिलं," ती म्हणाली.

कार्यक्रम सांभाळणाऱ्या शेफालीमॅडम धावत आल्या. गोड बोलणाऱ्या. "अगं, तुझ्याच अर्जातलं आहे. शब्द न् शब्द. नाव फक्त आम्ही जरा टोकदार केलं."

मी भडकलो. तुम्हाला आमची कला नको, आमची जखम पाहिजे, तीही फ्रेम करून, असं बरंच बोललो. आवाज चढला. पाहुणे बघायला लागले. आणि बोलता बोलता शुभांगीची नजर माझ्यावर आली. ती काही विचारत नव्हती. तिला कळलं होतं.

"मी लिहिलं ते," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाठ केली. मॅडमकडे वळली. "पाटी काढा."

"छापून झालंय गं. पाहुणे आलेत. उद्या बघू ना."

"मग भांडी काढते."

"काढलीस तर रेसिडेन्सी पूर्ण झाली असं धरता येणार नाही. दिल्लीच्या प्रदर्शनाला तुझं नाव पाठवलंय, विसरू नकोस."

शुभांगीनं भिंतीवरच्या भांड्यांकडे पाहिलं. दिल्ली लहान गोष्ट नव्हती. पायरीवरून उठून कुठंतरी जायचं, त्यासाठी ती तीन महिने दिवसरात्र राबली होती. तेवढ्यात फुलाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे पोरी. तुजं नुसकान नको. लिवलं तर लिवलं. आमाला काय, सवय हाय."

त्या 'सवय हाय'नं काम केलं. शुभांगीनं स्टूल ओढलं. वर चढली, कळशी काढली, बुडावरचं नाव मोठ्यानं वाचलं, "फुलाबाई!" आणि तिच्या हातात दिली. मग परात. "ठकुबाई!" मग डबा. एकेक नाव वाचायची आणि एकेक बाई पुढे यायची. भिंत रिकामी होत गेली. बायका भांडी काखेत मारून दाराकडे निघाल्या, तर हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या! कडाडून. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. एक जण तर खाली बसून फोटो काढत होता.

शुभांगी स्टुलावरूनच ओरडली, "टाळ्या काय वाजवताय? भांडी घरी चाललीत!"

टाळ्या आणखी वाढल्या.

टेम्पोत ती ड्रायव्हरशेजारी बसली. मी मागं, बायकांत. फुलाबाईनं विचारलं, "तू कशापायी लिवलंस रं ते?"

"निवड व्हावी म्हणून."

"त्या तीन घरांची पोरं बसली न्हवं शेवटी? ती म्या काय रडून बसवली व्हय?"

मला त्या मॅडमचा राग आला, टाळ्यांचा आला, तो एवढा मोठा रकाना आखणाऱ्या माणसाचा आला. पण तो रकाना भरला कुणी?

नसरापूरच्या फाट्याला चहाला थांबलो तेव्हा शुभांगी पहिल्यांदा बोलली. "दादा, माझ्या ईमेलचा पासवर्ड मी बदललाय."

"बरं केलंस," म्हणालो.

दिल्लीच्या यादीतून तिचं नाव गेलं. तसं दोन ओळींचं पत्र आलं, 'तुमच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा'. मी त्यांना तीन पानी उत्तर लिहिलं आणि तिला दाखवायला बाजारात गेलो. ती पायरीवर होती. मोबाईल मांडीवर, दुसऱ्या कुठल्या शहराचा फॉर्म उघडलेला, आणि हातात कुणाचीशी बादली. मी वाकून फॉर्म बघायला गेलो.

"दादा, उजेड अडतोय," ती मान वर न करता म्हणाली.

मी बाजूला सरकलो. तिथं उभ्या उभ्याच माझं पत्र पुन्हा एकदा वाचलं. पहिलं दीड पान माझ्या आजीचंच होतं. फाडलं.