आठ हजार जोड

सैनिकांचे बूट बनवणाऱ्या कारखान्यात फाटेफोड्या आणि मी बावीस वर्षं एकाच बाकावर तपासनीस होतो. त्याचं खरं नाव आम्ही कधीच विसरलो होतो. कुठलीही गोष्ट मुकाट्यानं मान्य करील तर शपथ! आम्ही बूट जरासा वाकवून बघायचो आणि शिक्का मारायचो. हा पठ्ठ्या शंभरातले दोन बूट दिवसभर बादलीत भिजवायचा आणि मग गुडघ्यावर दुमडून बघायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा, कारण त्याचं बरोबर आहे हे मला ठाऊक होतं.

लढाई सुरू झाली आणि तळ चिकटवायला नवं, स्वस्तातलं सोल्यूशन आलं. बादलीतले सगळे बूट जबडा वासून बाहेर निघाले. आठ हजार जोड त्याच आठवड्यात सीमेवर जायचे होते. त्यानं शिक्का मारायला साफ नकार दिला.

साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला उभं केलं. "तुझा मुलगा सीमेवर आहे ना? आणि तू देशाच्या कामात मोडता घालतोस?"

"मुलगा आहे म्हणूनच विचारतोय. हे बूट तुम्ही घालाल का, साहेब?"

इथं टाळ्या पडल्या असतील असं वाटत असेल, तर आमचा कारखाना तुम्हाला माहीत नाही. कुणीतरी "गद्दार" म्हणालं, मग सगळेच म्हणाले. मीही. त्याला गेटबाहेर काढलं, पेपरात फोटो आला, त्याच्या बायकोला दुकानाच्या रांगेत कुणी उभं राहू देईना. त्या आठ हजार जोडांवर शिक्का मी मारला. मलाही दोन मुली आहेत, हे मी आजही सांगतो, कुणी विचारलं नाही तरी.

हिवाळा संपताना त्याचा मुलगा परत आला. लष्करी दवाखान्यात एकट्यानं जायचा बापाला धीर होईना, म्हणून मी सोबत गेलो. पोराच्या दोन्ही पायांची बोटं कापली होती.

"तळ सुटले का रे?" बापानं विचारलं.

"तिसऱ्याच दिवशी. सगळ्यांचेच." पोरगा छताकडे बघत बोलत होता. "पण बाकीचे तंबूत येऊन पाय शेकायचे. गद्दाराच्या मुलाला सोळा-सोळा तास बर्फात पहारा. तुम्ही शिक्का मारला असता ना, बाबा, तरी बूट हेच आले असते. माझी बोटं मात्र राहिली असती."

फाटेफोड्या पांघरुणाच्या सपाट टोकाकडे बघत राहिला.

पोरानं माझ्यापुढे हात केला. "काका, तुम्ही तरी देशाच्या बाजूनं उभे राहिलात."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्याचा हात हातात घेतला. बापाला सगळं ठाऊक होतं. त्यानं कोपऱ्यातलं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "बस. दमला असशील."